मदत हवी आहे: नीसचा गोट्यांचा किनारा आणि आईचे पाय

अनघा_न: तातडीने मदत हवी आहे. आईला घेऊन फ्रान्समध्ये नीसला जातेय, हाताशी तीनच दिवस. तिला बाकी काही नको, समुद्रात पाय बुडवायचे आहेत. काल कळलं की तिथे वाळूच नाही, सगळे गोटे! हॉटेलचे पैसे भरलेत, परत मिळणार नाहीत. काय करू? कृपया लवकर सांगा.

कोथरूडकर: व्हिसा झाला का? शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक व्हिसाचा, अर्ज ज्या देशात जास्त रात्री राहणार, त्याच देशाकडे करायचा असतो. यात बरेच जण चुकतात.

अनघा_न: व्हिसा हातात आहे. प्रश्न गोट्यांचा आहे.

भटकी_गौरी: मी दोनदा जाऊन आलेय. गोटे गुळगुळीत असतात, पण पाय टाकला की खालून सरकतात. शिवाय उतार इतका की दोन-तीन पावलांत पाणी कमरेला. लाट मागे फिरली की गोट्यांची खळखळ ऐकू येते, ती मात्र किनाऱ्यालगतच्या फिरायच्या वाटेवरच्या निळ्या खुर्च्यांवर बसून तासभर ऐकावी अशी. नीसमधल्याच कारास किनाऱ्यावर ‘हँडिप्लाज’ असतं. थेट पाण्यात जाणारी चाकांची खुर्ची आणि मदतनीस मिळतात. आईंना तिथेच न्या.

पायवाट: अनघाताई, महिना कोणता? आई किती चालतात? हॉटेल कुठल्या भागात? हे सांगितल्याशिवाय काय सुचवणार?

अनघा_न: ऑक्टोबरचा पहिला आठवडा. आई ६८ वर्षांची, गेल्या वर्षी उजव्या गुडघ्याची वाटी बदलली. सपाटीवर वीस मिनिटं सहज चालते, जिने नकोत. हॉटेल मुख्य स्टेशनजवळ.

पायवाट: अहो, हेच आधी सांगायला हवं होतं! हँडिप्लाज उन्हाळ्यापुरतं असतं, ऑक्टोबरमध्ये त्या भरवशावर राहू नका. स्टेशनजवळ राहताय तर लोकल गाडीने जवळच्या अँतीब गावाला जा, अर्ध्या तासाच्या आत पोचता. बंदराच्या कडेने चालत जुन्या तटबंदीच्या कमानीतून आत शिरलं की ग्राव्हेत नावाचा छोटा किनारा लागतो. तिथे खरी वाळू आहे, पाणी उथळ आणि शांत. मी माझ्या सासऱ्यांना नेलं होतं, काठी टेकत टेकत घोट्यापर्यंत पाण्यात गेले. आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला समुद्र मेपेक्षा उबदार असतो, उन्हाळाभर तापलेला असतो ना.

इतिहासवेडा: नीसला जाऊन नीसच सोडायचं? मला नाही पटत. हे शहर पोहायला येणाऱ्यांनी नव्हे, थंडी टाळायला येणाऱ्यांनी उभं केलं. प्रॉमनाद देझांग्ले म्हणजे ‘इंग्रजांची फिरायची वाट’, १८२० च्या दशकात हिवाळ्यात येणाऱ्या इंग्रजांच्या पैशातून सुरू झाली. तेव्हा नीस फ्रान्समध्ये नव्हतंच, ते १८६० ला आलं. व्हिक्टोरिया राणी १८९० च्या दशकात सिमिएझच्या टेकडीवर मुक्कामाला येई. २०२१ ला युनेस्कोने वारसा यादीत घेतलं तेही हिवाळी विश्रांतीचं शहर म्हणूनच. आईंना रोज सकाळी त्या वाटेवर फिरवा.

भटकी_गौरी: इतिहास छान आहे, पण त्यांच्या आईंना पाय भिजवायचेत. राणीने कुठे मुक्काम केला ते ऐकून पाय भिजत नाहीत.

इतिहासवेडा: मान्य. पण शातोच्या, म्हणजे किल्ल्याच्या, टेकडीवर तरी न्याच, प्रॉमनादच्या पूर्व टोकाशी लिफ्ट आहे, फुकट. फक्त किल्ला शोधू नका, तो चौदाव्या लुईने १७०६ मध्ये पाडला. सिंधुदुर्ग-विजयदुर्ग पाहिलेल्यांना रिकामं वाटेल, पण वरून अख्खा उपसागर दिसतो.

खादाड_मावशी: कुणी सोक्का सांगितलाच नाही! हरभऱ्याच्या पिठाचं, ऑलिव्ह तेलातलं, लाकडाच्या भट्टीत मोठ्या तांब्याच्या परातीत भाजलेलं. आपल्या बेसनाच्या धिरड्याची सख्खी बहीण, वरून मिरपूड. शाकाहारी असाल तर जुन्या नीसमध्ये पोट भरायची चिंताच नाही. मात्र नीस्वाज सॅलडमध्ये मासे असतात, मागवण्याआधी विचारून घ्या.

कोथरूडकर: प्रवास विमा काढलाय ना? गुडघ्याची शस्त्रक्रिया फॉर्ममध्ये लिहा, लपवू नका.

अनघा_न: सगळ्यांचे मनापासून आभार. कोथरूडकर, विम्याचं बरं सांगितलंत, आज रात्रीच फॉर्म बघते. ठरलं: पहिल्या संध्याकाळी निळ्या खुर्च्या, दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने अँतीब, तिसऱ्या दिवशी लिफ्टने टेकडी आणि सोक्का. आईला फोनवर वाळूचं सांगितलं तर म्हणाली, “मग साडी नको, सलवार घेते, वर दुमडता येते.” पायवाट, एकच विचारते: कमानीतून वाळूपर्यंत पायऱ्या आहेत का? असल्या तर किती, आणि कठडा आहे का?

पायवाट: सासऱ्यांचे फोटो हार्ड डिस्कवर आहेत, कठडा त्यात दिसेल. रात्री घरी गेलो की बघून लिहितो.