मदत हवी आहे: काळ्या घोड्याच्या चौकातले सिग्नल विझतच नाहीत

नॅरोगेज:
गणपतीच्या आराशीत वडोदऱ्याचा काळ्या घोड्याचा चौक केलाय, मॉडेल रेल्वेच्या एचओ स्केलमध्ये (१:८७). चार सिग्नल, प्रत्येकाला चार वायरी: एक कॉमन प्लस आणि तीन रंगांच्या तीन. कॉमन १२ व्होल्ट अडॅप्टरला, बाकीच्या प्रत्येकी १ के (१००० ओहम) रेझिस्टरमधून आर्डुइनो नॅनोला, म्हणजे दिवे चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डाला. समोरासमोरचे खांब जोडीने चालतात, म्हणून सहाच पिना. निगेटिव्ह एकत्र आहेत. पण पिन हाय केली तरी दिवा विझत नाही, नुसता मंदावतो. कोड तीनदा पाहिला.

पाचव्होल्ट:
कोड सोडा, आधी अडॅप्टर काढा. पिन हाय म्हणजे ५ व्होल्ट, कॉमनवर १२. मध्ये ७ उरतात आणि लाल एलईडीला २ पुरतात, मग विझेल कसा? वर तो करंट उलटा नॅनोत शिरतोय, पिन जळेल.
कॉमन नॅनोच्या ५ व्होल्टला लावा. लो केलं की पेटेल, हाय केलं की विझेल. १ के वर लालला ३ मिलिअँपिअर मिळतात, हिरव्याला जेमतेम १.८, कारण तो स्वतःच ३.२ व्होल्ट खातो. फिका वाटला तर तिथे ५६० ओहम घाला. रेझिस्टर वाचवायला कॉमनवर एकच लावू नका. दोन रंग एकदम पेटले की लाल सगळा करंट ओढतो आणि हिरवा मरतो.

रूळदुरुस्त:
रस्त्यावरच्या दिव्यांमुळे १२ व्होल्टच ठेवायचे असतील तर नॅनो आणि दिव्यांच्या मध्ये यूएलएन२००३ ही ड्रायव्हर चिप घाला. इनपुट १ ते ६, आउटपुट १६ ते ११, ८ नंबर निगेटिव्हला, ९ मोकळी. रेझिस्टर २.२ के. मात्र मग हाय म्हणजे पेटला, कोड पुन्हा उलटा!
मॉडेलमध्ये रेल्वेगाडी असेल तर तिच्या कंट्रोलरवरून सप्लाय घेऊ नका. गाडी मागे घेतली की पोलॅरिटी फिरते आणि एलईडी जातात.
आणि परदेशी कोड उचलला असेल तर बघा, ब्रिटनमध्ये हिरव्याआधी लाल-पिवळा एकत्र लागतो. आपल्याकडे लाल, हिरवा, पिवळा, परत लाल.

नॅरोगेज:
५ व्होल्टवर घेतलं, विझतात! फक्त एक खांब पूर्ण बंद आहे.

पाचव्होल्ट:
तिन्ही रंग बंद म्हणजे कॉमनचा टाका कच्चा. त्या केसासारख्या तारेवर इनॅमलचा, म्हणजे वीज अडवणारा थर असतो, वरून सोल्डर चमकतं पण आत संपर्क नसतो. टोकाचे ३ मिलिमीटर पॉलिश पेपरने हलके खरवडा, सोल्डरिंग आयर्नवर सोल्डरचा थेंब घेऊन त्यात तार दोन-तीन सेकंद बुडवा. तार चंदेरी झाली की मगच जोडा.