पोर्फिरिनवर पीएचडी: कॅन्सरची बाजू घेऊ की मटेरियल्सची?

रेवा_डोंबिवली

नमस्कार. एमएस्सी ऑरगॅनिकचं शेवटचं सेमिस्टर चालू आहे, नेट झाली आहे. प्रोजेक्टमध्ये टेट्राफिनाइलपोर्फिरिन (टीपीपी, रक्तातल्या हीमच्या कुळातला रंगीत रेणू) केलं, त्यात झिंक घातलं, तांबं घातलं. पीएचडीसाठी दोन गाइडशी बोलणं झालंय. एकांचा विषय फोटोडायनॅमिक थेरपी, म्हणजे पीडीटी, औषध आणि प्रकाश मिळून कॅन्सरवर उपचार. दुसऱ्यांचा पोर्फिरिनचे एमओएफ (धातू आणि सेंद्रिय रेणूंच्या सच्छिद्र जाळ्या) आणि सोलर सेल. माझ्या आत्याला तोंडाचा कॅन्सर झाला होता, परळला ऑपरेशन झालं, अर्धा जबडा काढावा लागला. त्यामुळे मन पहिल्याकडे ओढ घेतं. बाबा म्हणतात, नोकऱ्या मटेरियल्समध्ये आहेत. ज्यांनी या विषयात काम केलंय त्यांनी प्लीज सांगा: पीडीटी खरंच पेशंटपर्यंत पोचते का, की पेपरपुरतीच राहते? आणि एक बाजू घेतली की दुसरी कायमची सुटते का?

जांभळी_शिशी

रेवा, मी पवईला पोर्फिरिनवरच पीएचडी केली, आता नवी मुंबईत एका कंपनीत अॅनालिटिकलला आहे. अगं-तुगं करते, चालेल ना?

पोचते. १९९३ मध्ये कॅनडाने फोटोफ्रिन या पोर्फिरिनच्या औषधाला मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी मान्यता दिली, १९९५ मध्ये अमेरिकेने अन्ननलिकेच्या कॅन्सरसाठी. २००१ मध्ये युरोपात टेमोपोर्फिन आलं, तेही डोक्या-मानेच्या बळावलेल्या कॅन्सरसाठी, म्हणजे तुझ्या आत्याच्या आजाराच्या अगदी जवळ. फोटोफ्रिन शिरेतून देतात, ४० ते ५० तास थांबतात आणि मग गाठीवर ६३० नॅनोमीटरचा लाल लेझर सोडतात. रेणू प्रकाश शोषतो, ट्रिपलेट अवस्थेत (जास्त वेळ टिकणाऱ्या उत्तेजित अवस्थेत) जातो आणि ती ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देतो. तयार झालेला सिंगलेट ऑक्सिजन, म्हणजे उत्तेजित, आक्रमक ऑक्सिजन, क्षणभरही टिकत नाही. जिथे जन्मला तिथेच घाव घालतो, म्हणून प्रकाश पडला नाही ती जागा वाचते.

पण या उपचाराला मर्यादा आहेत आणि त्या तुला आधीच माहीत असायला हव्यात. ६३० चा प्रकाश मांसात जेमतेम अर्धा सेंटीमीटर कामाचा राहतो. मोठ्या गाठीच्या पोटात ऑक्सिजनच कमी असतो. आणि फोटोफ्रिन त्वचेत रेंगाळतं, किमान महिनाभर ऊन टाळावं लागतं. नेहमीच्या सनस्क्रीनचा उपयोग नाही, कारण ती अतिनील किरण अडवते आणि इथे त्रास होतो दृश्य प्रकाशाचा. बरं, अंधारात कोंडून घेऊनही चालत नाही. घरातल्या मंद उजेडानेच त्वचेतलं औषध हळूहळू निकामी होतं. चाळीत एका खोलीत राहणारा, दिवसभर दार सताड उघडं, संडासलासुद्धा बाहेर गॅलरीतून जाणारा माणूस हे कसं सांभाळणार? नवा रेणू काढणाऱ्याने हा प्रश्न पहिल्या दिवशी डोळ्यांसमोर ठेवला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. शरीरातून लवकर निघून जाणारा रेणू मला दहा टक्के जास्त सिंगलेट ऑक्सिजन देणाऱ्या रेणूपेक्षा मोलाचा वाटतो.

राहिल्या दोन बाजू. मला त्या दोन वाटतच नाहीत. एक कर: टीपीपी, झिंकचं आणि तांब्याचं, तिन्ही एका टीएलसी प्लेटवर (सिलिकाचा पातळ थर दिलेल्या पट्टीवर) लाव आणि ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील लॅम्पखाली धर. टीपीपी रसरशीत लाल दिसेल, झिंकचं जरा केशरीकडे झुकलेलं. तांब्याचा ठिपका काळाच. प्रकाश तिघांनीही शोषला, मग तांब्याच्या पोर्फिरिनमध्ये ती ऊर्जा गेली कुठे? तांब्याकडे एक सुटा इलेक्ट्रॉन असतो, त्याच्यामुळे उत्तेजित अवस्था झटकन विझते आणि ऊर्जा उष्णतेत जिरते. झिंकचं डी-कवच (इलेक्ट्रॉनचा एक थर) पूर्ण भरलेलं, ते मध्ये पडत नाही. टीपीपीसुद्धा शोषलेल्या प्रकाशातला साधारण दहावा हिस्साच लाल उजेड म्हणून परत देतं, बाकीचा बराचसा ट्रिपलेटकडे वळतो.

ही ऊर्जा ऑक्सिजनला मिळाली की पीडीटी. त्याच झिंक पोर्फिरिनला एका बाजूने इलेक्ट्रॉन देणारा गट आणि दुसऱ्या बाजूने ओढणारा गट लावून टायटॅनियावर (टायटॅनियम डायऑक्साइडवर) बसवलं की सोलर सेल. २०१४ मध्ये लोझानच्या ग्रेट्झेल यांच्या गटाने असाच झिंक पोर्फिरिन वापरून १३ टक्के कार्यक्षमता गाठली. आणि एमओएफ म्हणशील तर पीसीएन-२२२ बघ. झिर्कोनियमच्या गाठींना पोर्फिरिन बांधलेली जाळी. तिच्यावर प्रकाश टाकून, सिंगलेट ऑक्सिजन बनवून, मस्टर्ड गॅससारख्या रसायनाला निरुपद्रवी करून दाखवलंय. म्हणजे शस्त्र तेच, फक्त शत्रू वेगळा.

डॉक्टर_दादर

मी हेड-नेक सर्जरीत आहे. पेशंटचे नातेवाईक हे वाचतील म्हणून आधी एक सांगतो: तोंडाच्या कॅन्सरला आपल्याकडे ऑपरेशन आणि गरजेनुसार रेडिएशन-केमो हाच मुख्य मार्ग आहे. प्रकाशाच्या उपचाराच्या आशेने कृपया तारीख पुढे ढकलू नका.

रेवा, आमच्याकडे माणूस येतो तेव्हा गाठ बहुतेक वेळा हाडाला टेकलेली असते. वर्षानुवर्षं गुटखा-सुपारी खाऊन तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही. तिथे प्रकाश नेणारा फायबर आत घालण्यापासूनच अडचण. वरवरचे पांढरे चट्टे आणि लवकर सापडलेल्या उथळ गाठी, इथे मात्र मला या उपचाराबद्दल मनापासून आशा आहे. जबडा वाचणं म्हणजे काय, हे तुमच्या घराला वेगळं सांगायला नको.

आणखी एक उपयोग लक्षात घ्या: मेंदूच्या ग्लायोमा या गाठीच्या ऑपरेशनआधी पेशंटला ५-एएलए नावाचं औषध पाजतात. गाठीच्या पेशी त्यातून स्वतःच प्रोटोपोर्फिरिन बनवून साठवतात आणि निळ्या प्रकाशात लालसर दिसतात. सर्जनला कडा दिसते. अमेरिकेत याला २०१७ मध्ये मान्यता मिळाली. इथे पोर्फिरिन मारत नाही, नुसतं दाखवतं, आणि तेही फार मोठं काम आहे.

रेवा_डोंबिवली

डॉक्टर, खूप आभार. आत्याला आता बरं आहे, मऊ भात खाते. ताई, प्लेट लावली. तांब्याचा ठिपका खरंच काळा! झिंक घातल्यावर एनएमआरच्या आलेखातला उणे २.७ चा एनएच (रेणूच्या मधल्या नायट्रोजनवरच्या हायड्रोजनचा पीक) गायब झालेला पाहिला होता, पण त्याचा उजेडाशी संबंध कुणी असा जोडून दाखवला नव्हता. मग पीडीटीवाल्या सरांना नक्की काय विचारू?

जांभळी_शिशी

पहिलं, सेलचं, म्हणजे कॅन्सरच्या पेशींवरच्या प्रयोगांचं काम कोण करणार? सहकार्य ठरलंय की "बघू पुढे" आहे? खारघरला टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र अॅक्ट्रेक आहे, ट्रॉम्बेला बीएआरसी आहे, तिथे ल्युटेशियम-१७७ हा किरणोत्सारी धातू जोडलेल्या पोर्फिरिनवरसुद्धा काम झालंय. मुंबईत राहून सेलसाठी माणूस मिळत नाही, हे कारण मी तरी ऐकून घेणार नाही.

दुसरं, सिंगलेट ऑक्सिजन कशात मोजता? डीसीएमसारख्या सेंद्रिय द्रावकात सगळे रेणू गुणी वाटतात. पाण्यात हे चपटे रेणू एकमेकांवर चिकटून थप्पी लावतात आणि आकडा कोसळतो. डीपीबीएफने (सिंगलेट ऑक्सिजन खाऊन झिजणाऱ्या रसायनाने) मोजत असतील तर दिव्यापुढे फिल्टर कोणता, तेही विचार. डीपीबीएफ स्वतः ४१० च्या आसपास शोषतं, निळा प्रकाश पडला तर ते आपोआपही झिजतं, आणि त्याचं श्रेय तुझ्या रेणूला मिळतं. लाल प्रकाश टाकायचा, रेणू नसलेली क्युव्हेट (मापनाची काचेची कुपी) शेजारी ठेवायची, आणि ४१० चा पीक दोन्हींत कसा उतरतो ते बघायचं.

तिसरं, डार्क कंट्रोल, म्हणजे औषध घालून अंधारात ठेवलेला नमुना. फॉइलमध्ये गुंडाळलेल्या प्लेटमधल्या पेशीही मेल्या असतील तर ते नुसतं विष आहे, पीडीटी नव्हे. त्यांच्या जुन्या पेपरात तो आलेख आहे का ते आधी उघडून बघ, मग भेटायला जा.

तिन्ही उत्तरं सरळ मिळाली तर तिकडेच जा, बाबांना मी समजावते हवं तर. नाही मिळाली तर एमओएफवाल्या सरांकडे जा आणि त्यांच्याकडे १२७० नॅनोमीटरला मोजणारा डिटेक्टर आहे का तेवढं विचार. सिंगलेट ऑक्सिजनचा स्वतःचा उजेड तिथे दिसतो. तो मोजायला शिकलेली मुलगी दोन्हीकडे हवी असते. आणि टीपीपी ज्यात उकळतात त्या प्रोपिऑनिक अॅसिडचा एप्रन घरी नेऊ नकोस, वास कपाटभर होतो.