समुद्री नकाशांच्या तांब्याच्या प्लेटा: आजही छापाव्यात की नुसत्या जपाव्यात?

तांडेल
ब्रिटिश नौदलाचं नकाशा खातं १७९५ साली निघालं, अलेक्झांडर डॅलरिम्पल त्याचा पहिला प्रमुख. पुढची शंभरहून जास्त वर्षं तिथले नकाशे तांब्याच्या प्लेटवर उलटे कोरून छापले जात. अशा प्लेटा आता संग्रहालयांत असतात, अधूनमधून लिलावातही येतात. माझं म्हणणं, ज्या धडधाकट आहेत त्यांच्यावरून आजही मोजक्या प्रती काढाव्यात. छापण्यासाठीच घडवलेली वस्तू आहे ती. काचेमागे ठेवली की लोकांना दिसतो फक्त लालसर पत्रा. ओलसर कागदावर दाबून काढलेल्या नकाशावर शाईचा उठाव बोटाला लागतो, तो स्कॅनमध्ये कुठून येणार?

जुनी_शाई
साफ विरोध. तांबं मऊ असतं. दर प्रतीला शाई भरायची, वरची पुसायची, मग रुळाखाली दाबायची. यात आधी मरतात त्या सगळ्यात नाजूक रेघा.

आणि छापणार कुठला नकाशा? नवा खडक सापडला किंवा दीपगृह उभं राहिलं की जुनी रेघ खरवडून काढत, घोटत, तिथे पडलेला खळगा मागून हातोडीने ठोकून वर आणत आणि त्यावर नवं कोरत. समजा १८२० ची प्लेट साठ वर्षं अशी दुरुस्त होत राहिली, तर तिच्यावर १८२० सालचा किनारा उरलाच कुठे? तुम्ही काढाल ती छाप १८८० ची, आणि कोणीतरी ती '१८२० चा अस्सल नकाशा' म्हणून विकेल. तो हवा असेल तर त्याच वर्षी छापलेला कागद शोधा.

तांडेल
कोपऱ्यात 'आज छापलेली प्रत' असा शिक्का मारा, मिटली फसवणूक. झिजेवरही उपाय १९व्या शतकातलाच आहे: विजेने लोखंडाचा पातळ मुलामा चढवायचा, छापून झालं की आम्लाने उतरवायचा. अमेरिकेच्या कोस्ट सर्व्हेत, म्हणजे किनारा मोजणाऱ्या सरकारी खात्यात तर, प्लेटची विजेने हुबेहूब तांब्याची प्रत काढत आणि छपाई त्या प्रतीवरून करत. मूळ प्लेट कपाटात सुखरूप.

जुनी_शाई
मुलाम्याआधी प्लेट घासूनपुसून लखलखीत करावी लागते, ते विसरलात. कोरलेल्या खाचांत अडकलेली जुनी शाई तेव्हाच निघून जाते. ज्याला तुम्ही मळ म्हणाल तो माझा पुरावा आहे, तांडेलभाऊ.

नलू_मालवण
कोस्ट सर्व्हेचं नाव निघालंच आहे तर: चित्रकार व्हिसलर १८५४-५५ मध्ये तिथे कोरणीकाम करायचा. टिकला नाही फार. सरावाच्या प्लेटवर किनाऱ्याच्या देखाव्याशेजारी त्याने माणसांची तोंडं कोरून ठेवली, आणि कॅलिफोर्नियाजवळच्या अनाकापा बेटाच्या देखाव्यात पक्ष्यांचे थवे घुसडले. सरकारी कामात! कागदावर छाप उतरली म्हणून तर ती तोंडं आपण बघतो. माझं मत तांडेलना, पण विजेने काढलेल्या तांब्याच्या प्रतीवरूनच छापण्याच्या अटीवर.

जुनी_शाई
पक्षी त्या काळातच छापले गेले. आज कोणी रूळ फिरवायची गरज नव्हती.

सारंग
दोघांचाही एक मुद्दा सुटतोय. कागद ओला करून छापत आणि वाळताना तो आकसे, तोही लांबीत आणि रुंदीत सारखा नाही. म्हणजे जुन्या छापील नकाशावर पट्टी ठेवून अंतर काढलं की चूक आलीच. प्लेट आकसत नाही. बॉम्बे मरीनच्या (ईस्ट इंडिया कंपनीचं मुंबईतलं आरमार) रॉबर्ट मोर्सबीने १८२९ पासून 'पॅलिन्यूरस' जहाजावरून तांबडा समुद्र मोजला. मोजणारे मुंबईचे, नकाशे निघाले लंडनला. ते काम किती अचूक होतं हे तपासायचं तर मला प्लेटच लागेल, आणि तीही न घासलेली. तिरप्या उजेडात धरली तर खरवडून पुसलेला आकडाही कधीकधी वाचता येतो. आधी अशा सगळ्या खुणांची बारीक नोंद होऊ दे, छपाईचं नंतर बघू.

बाकी, 'जपायचं' हा विचारच अलीकडचा. तांबं महाग, म्हणून निकामी प्लेट सपाट घासून तिच्यावर दुसराच नकाशा कोरत. अ‍ॅम्स्टरडॅमला नकाशे छापणाऱ्या ब्लाऊ घराण्याचा छापखाना १६७२ मध्ये जळाला, त्यातही कितीतरी गेल्या.

तांडेल
मग निदान झिजलेल्या प्लेटा तरी छापू द्या! त्यांचं काय बिघडणार?

जुनी_शाई
झिजलेलीच तर सगळ्यात जास्त वापरात होती. दुरुस्त्याही तिच्यावरच सगळ्यात जास्त. तिला तर अजिबात हात लावू देणार नाही.