जुनी इंग्लिश चर्च: व्हिक्टोरियन लोकांनी वाचवली की खरवडली?

स्विंडनकर (धागाकर्ता)

अकरा वर्षं स्विंडनमध्ये राहतोय. उन्हाळ्यात रविवारी सायकल काढायची आणि लेचलेडच्या दिशेने सुटायचं, हा ठरलेला नेम. लेचलेडच्या जरा अलीकडे इंगलशॅम नावाची चार घरांची वस्ती आहे. तिथे थेम्सकाठच्या कुरणाला लागून एक बुटकं चर्च आहे, सेंट जॉन द बॅप्टिस्ट. बरंचसं बांधकाम तेराव्या शतकातलं. मनोरा नाही, फक्त घंटेपुरती दगडी चौकट छपराच्या टोकावर.

आत गेलं की नजर भिंतींवर खिळते. चुन्याच्या गिलाव्यावर काळ्या अक्षरांत बायबलमधली वचनं लिहिलेली. एका ठिकाणी तो थर पोपडा होऊन पडलाय, तर खालून आणखी जुनी अक्षरं डोकावतात, आणि त्याच्याही खाली गेरूने काढलेली नक्षी. कुठलं अक्षर कुठल्या शतकाचं, पटकन सांगता येत नाही. खाली गुडघ्यापेक्षा बऱ्याच उंच फळ्यांच्या, दार असलेल्या लाकडी पेट्या. त्यांना बॉक्स प्यू म्हणतात, एकेका कुटुंबाने एकेकीत बसायचं. फरशी खचल्यामुळे एकही पेटी ओळंब्यात नाही.

हे सगळं शिल्लक आहे ते कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिसमुळे. तो जवळच केल्मस्कॉटला राहायचा. त्या काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकात व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात, गावोगावच्या चर्चचा ‘जीर्णोद्धार’ जोरात चालला होता. गिलावा खरवडून दगड उघडा करायचा, पेट्या आणि सज्जे काढून टाकायचे, पंधराव्या शतकातली खिडकी ‘अशुद्ध’ म्हणून फोडून चौदाव्या शतकाच्या थाटाची नवी बसवायची. याच्या विरोधात मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली. लोक तिला गमतीने ‘खरवडविरोधी’ म्हणत. दुरुस्ती करा, पुनर्निर्माण नको, एवढंच तिचं म्हणणं. इंगलशॅमची दुरुस्ती १८८८-८९ मध्ये याच धोरणाने झाली.

माझं मत सरळ आहे. गावचं चर्च म्हणजे आठशे वर्षांचे थर. व्हिक्टोरियन लोकांनी त्यातला आपल्याला आवडणारा एक थर निवडला आणि बाकीचे पुसले. दिलं त्यापेक्षा नेलं जास्त. पटतंय का?

तिरकस

नाही पटत.

तुमचं इंगलशॅम टिकलं कारण गाव नांदतं राहिलं नाही. जिथे माणसं होती तिथे छप्पर गळत होतं, भिंती कलत होत्या, आणि अठराव्या शतकातल्या धन्यांनी त्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. व्हिक्टोरियन लोकांनी पदरमोड करून ही चर्च उभी ठेवली. हजारो चर्च. त्यांनी हात घातला नसता तर आज मॉरिसच्या चेल्यांना जपायला ढिगारेच मिळाले असते.

आणि पेट्यांचं एवढं कौतुक? त्या पेट्या घराण्यांच्या मालकीच्या असत, कुठे भाड्याने दिलेल्या, कुठे चक्क कुलूप. शेतमजूर मागे नाहीतर वाटेतल्या बाकांवर. केंब्रिजच्या पोरांनी १८३९ मध्ये कॅमडेन सोसायटी काढली, चर्च मध्ययुगीन थाटाचीच हवीत असा आग्रह धरणारी. तिचा एक मोठा लढा याच पेट्यांविरुद्ध होता. सगळ्यांना सारखी, उघडी, फुकट बाकं. तुम्हाला मोहक वाटणारी ती दारं माणसं बाहेर ठेवण्यासाठी होती.

स्विंडनकर

पेट्यांबद्दल मुद्दा मान्य. पण भाडं बंद करायला गिलावा खरवडावा लागत नाही ना?

पाथरवट

जुन्या दगडी बांधकामांच्या दुरुस्तीत वीस वर्षं घालवली आहेत (बहुतेक आपल्याकडे, दोन वर्षं इंग्लंडात), म्हणून गिलाव्याबद्दल बोलतो.

मध्ययुगीन गावच्या चर्चची भिंत घडीव दगडाची नसते. कोपरे, कमानी आणि खिडक्यांच्या चौकटी तेवढ्या घडीव, बाकी सगळं डबर. पूर्व इंग्लंडात सफोककडे तर डबरही नाही, शेतात सापडणारा चकमकीचा दगड. ही भिंत उघडी ठेवायची असं बांधणाऱ्याच्या मनातही नव्हतं. आतून गिलावा, त्यावर रंग. पुष्कळदा बाहेरूनही चुन्याचा हात. व्हिक्टोरियन लोकांना दगड ‘प्रामाणिक’ वाटला म्हणून त्यांनी गिलावा उतरवला आणि पुढच्यांनी वर सिमेंटच्या दरजा भरल्या. चुना ओल शोषतो आणि सोडतो. सिमेंट ती अडवतं. मग ओल दगडातून वाट काढते, थंडीत गोठते आणि दगडाचा चेहरा सोलून निघतो. सौंदर्याचा वाद बाजूला ठेवा, तांत्रिकदृष्ट्याही तो गिलावा म्हणजे भिंतीचा अंगरखा होता.

नगरची मावशी

मंडळी, जरा दुसऱ्या बाजूने बोलते. माहेर नगरकडचं, ख्रिस्ती घर. लग्नानंतर इंग्लंडात आले आणि गेली सहा वर्षं इथल्या एका गावच्या चर्चच्या समितीवर आहे. चर्च चौदाव्या शतकातलं. रविवारी आम्ही अठरा-वीस जणं, त्यात सत्तरीच्या आतले चौघं.

आमच्याकडे संडास नाही. ऐंशी वर्षांच्या आजी उपासनेच्या मधेच उठून शेजाऱ्यांकडे जातात. मागची दोन बाकं काढून कोपऱ्यात संडास आणि चहाचा ओटा करायचा, एवढीच मागणी. चर्चमध्ये असं काहीही करायचं तर धर्मप्रांताच्या न्यायालयाकडून परवानगी लागते, तिला फॅकल्टी म्हणतात. पहिल्या भेटीत एका सल्लागाराने सांगितलं, बाकं व्हिक्टोरियन आहेत, हात लावू नका. म्हणजे व्हिक्टोरियन लोकांनी सगळं उपटलं म्हणून तुम्ही ओरडणार, आणि आता त्यांनी बसवलेलं आम्ही हलवायचं नाही! थर, थर म्हणता ना स्विंडनकर? मग आमचा थर कधी?

इंगलशॅम सुंदरच आहे हो, मी जाऊन आले आहे. पण ते आता एका ट्रस्टच्या ताब्यात आहे, तिथे दर रविवारी घंटा वाजत नाही. ते जपणं सोपं.

तिरकस

मावशी, हाच माझा मुद्दा होता, तुम्ही नेमका मांडलात. वापर थांबला की वास्तू ‘अस्सल’ राहते.

निवांत

कुलाब्याहून एक भर. आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर अफगाण चर्च आहे, सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलं, १८५८ मध्ये अर्पण झालं. मुंबईच्या समुद्राकाठी चक्क तेराव्या शतकाच्या थाटाचं इंग्लिश गावचं चर्च, फक्त कुर्ल्याच्या दगडात. वर तिरकस म्हणतात त्या केंब्रिजवाल्यांच्या विचारांचंच हे अपत्य. आराखडा हेन्री कॉनिबेअरचा, म्हणजे ज्याने विहारचं पाणी मुंबईला आणलं तोच. आतलं बरंच काम बटरफील्ड या इंग्लिश वास्तुविशारदाचं.

आणि गंमत ऐका. १८७७ मध्ये मॉरिसने ज्या बातमीवर भडकून पत्र लिहिलं ती ट्यूक्सबरीच्या जुन्या चर्चच्या कामाची होती, वास्तुविशारद गिल्बर्ट स्कॉट. हाच स्कॉट आपल्या राजाबाई टॉवरचा आणि विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहाचा. भारतात पाऊलही न टाकता त्याने ते आराखडे केले. तिकडे त्याला खरवड्या म्हणायचं आणि इकडे त्याच्या टॉवरखाली फोटो काढायचे?

स्विंडनकर

काढायचेच. मोकळ्या मैदानात नवं गॉथिक (टोकदार कमानींची ती मध्ययुगीन शैली) उभारणं वेगळं, आणि जिवंत जुन्यावर आपलं गॉथिक चढवणं वेगळं. राजाबाईसाठी स्कॉटने कुणाची खिडकी फोडली नाही.

नवा भिडू

प्रश्न भोळा वाटेल, पण साहेबाच्या गावच्या चर्चवरून मराठी माणसांनी एवढं का भांडावं? आपली हेमाडपंती देवळं ऑइलपेंटने गुलाबी होतायत त्याचं बघा की.

पाथरवट

त्यावर वेगळा धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा. इथे नको, विषय भरकटेल.

अक्षरगणेश

स्विंडनकर, एक मूलभूत अडचण. तुम्हाला आवडलेला तो पांढरा चुना आणि काळी वचनं, हे मुळात कुणी केलं? सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट धर्मसुधारणेने. १५४७ नंतर सहाव्या एडवर्डच्या राज्यात मूर्ती आणि चित्रं काढायचे हुकूम निघाले, भिंतींवर सफेदी चढली आणि चित्रांच्या जागी अक्षरं आली. त्याआधी ही चर्च रंगांनी भरलेली होती. यॉर्कशरच्या पिकरिंगला जा. पंधराव्या शतकातली चित्रं अख्ख्या भिंतीभर: ड्रॅगनला मारणारा सेंट जॉर्ज, खांद्यावर बाळ घेऊन नदी ओलांडणारा ख्रिस्तोफर. ती १८५२ मध्ये सफेदीखालून निघाली, तर तिथल्या पाद्रीबुवांनी ‘लोकांचं लक्ष उडतं’ म्हणून परत चुना फासायला लावला! पुन्हा उघडली ती पंचवीसेक वर्षांनी.

त्याहून भारी गोष्ट सफोकमधल्या वेनहॅस्टनची. सभामंडप आणि गाभारा यांच्यामधल्या कमानीत वरच्या बाजूला लाकडी फळ्या होत्या, पांढऱ्या फासलेल्या. १८९२ च्या दुरुस्तीत अडगळ म्हणून त्या बाहेर कबरस्तानात टाकल्या. रात्री पाऊस पडला. सकाळी बघतात तर चुना धुऊन गेलेला आणि खाली शेवटच्या न्यायाचं पूर्ण चित्र: आत्मे तोलणारा देवदूत, नरकाचा जबडा. मधे तीन कोऱ्या आकृत्या, कारण तिथे क्रूस, मारिया आणि योहान यांच्या लाकडी मूर्ती ठोकलेल्या होत्या.

तर सांगा, ‘पाडकाम’ झालं नसतं तर हे चित्र कुणाला दिसलं असतं?

स्विंडनकर

वेनहॅस्टनच्या पावसाचं श्रेय व्हिक्टोरियन लोकांना देताय? त्यांनी तर फळ्या फेकल्या होत्या! पाऊस आला नसता तर सरपण झालं असतं.

पण पिकरिंगचा मुद्दा बोचला. खरं आहे, सफेदी हीसुद्धा एका काळी तोडफोडच होती. फरक एवढाच दिसतो की चुन्याखाली चित्र टिकतं, छिन्नीखाली टिकत नाही. धर्मसुधारकांनी झाकलं, व्हिक्टोरियन लोकांनी खरवडलं.

तिरकस

झाकलं? रंगीत काचा, मूर्ती, क्रूस कुणी फोडले मग? डाउसिंग नावाचे कट्टर प्युरिटन साहेब १६४३-४४ मध्ये सफोक आणि केंब्रिजशरमध्ये गावोगाव फिरून मोडतोड करत होते आणि रोज डायरीत हिशोब लिहीत होते, इतकी चित्रं फोडली, इतके देवदूत उतरवले. भिंतीपुरतं बोला.

स्विंडनकर

भिंतीपुरतंच बोलतोय, वकीलसाहेब.

घरवाला

वकिलावरून आठवलं. मागच्या वर्षी इंग्लंडात घर घेतलं तेव्हा वकिलाने ‘चान्सेल सर्च’ म्हणून वेगळे पैसे लावले. हे काय प्रकरण आहे? आमच्या घरापासून चर्च दिसतही नाही.

नगरची मावशी

अरे, हा मध्ययुगाचाच वारसा. सभामंडप गावकऱ्यांनी राखायचा आणि गाभारा, म्हणजे चान्सेल, रेक्टरने (मुख्य पाद्री, पुष्कळदा एखादा मठ), कारण धान्याचा दशमांश त्याला मिळायचा. म्हणून कितीतरी चर्चमध्ये मंडप उंच, प्रशस्त, लोकरीच्या पैशातून पुन्हा बांधलेला, आणि गाभारा जुनाच, बुटका. गावाकडे पैसा आला, रेक्टरने खिशात हात घातला नाही! मठ बुडाल्यावर दशमांशाच्या जमिनी खाजगी हातांत गेल्या आणि दुरुस्तीची जबाबदारी जमिनीला चिकटून राहिली. वॉरिकशरमधल्या ॲस्टन कॅंटलोच्या एका जोडप्यावर अशी दुरुस्ती आली, प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, २००३ मध्ये ते हरले. त्यानंतर सगळे वकील घाबरले. १३ ऑक्टोबर २०१३ पर्यंत नोंद न झालेली जबाबदारी पुढच्या खरेदीदाराला सहसा लागत नाही, तरी शोध घेतातच.

घरवाला

म्हणजे कुणाच्या तरी गाभाऱ्याचं छप्पर माझ्या गळ्यात पडू शकलं असतं. धन्य आहे.

निवांत

मावशी, तुमच्या संडासाचं पुढे काय झालं ते सांगा. धाग्यातला खरा प्रश्न तोच आहे.

नगरची मावशी

तिसऱ्या आराखड्याला परवानगी मिळाली. दोन बाकं निघाली, बाकीची राहिली. भिंतीला खिळा न मारता लाकडी खोली उभी करायची, उद्या कुणाला नको असेल तर उचलता आली पाहिजे. मॉरिस खूश झाला असता की नाही, माहीत नाही, पण आजी होतील.

स्विंडनकर

मावशी, अशा कामाला माझा अजिबात विरोध नाही. जे परत काढता येतं ते करा, हेच तर म्हणतोय.

तिरकस

सकाळपासून आत्तापर्यंत तुम्ही पेट्या सोडल्या, सफेदी सोडली, बाकं सोडली. आता फक्त गिलावा उरलाय.

स्विंडनकर

तो नाही सोडणार.

पाथरवट

ज्यांना आपल्या जवळच्या चर्चचा गिलावा खरवडलाय का ते बघायचंय त्यांच्यासाठी: आत जाऊन खिडकीच्या घडीव चौकटीची कड बघा. गिलावा साधारण त्या कडेशी येऊन मिळायचा. भिंतीचं डबर कडेपेक्षा आत गेलेलं असेल आणि घडीव दगड पायरीसारखा पुढे राहिला असेल, तर मधली जाडी गेली असं समजा. बोट लावून बघितलं तरी कळतं.

स्विंडनकर

आत्ताच संध्याकाळी आमच्या इथल्या चर्चमध्ये जाऊन आलो, साफसफाईसाठी उघडं होतं. उत्तरेकडची खिडकी. बोट पहिल्या पेरापर्यंत आत गेलं.