'स्टिग्मा'ला मराठीत काय म्हणावं?

प्रेपविषयीच्या एका पत्रकाचं मराठी करते आहे. ज्याला एचआयव्हीची लागण झालेली नाही, त्याने ती होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायची ही गोळी. अमेरिकेत २०१२ साली मान्यता मिळाली, आपल्याकडे नॅकोची (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची) मार्गदर्शक तत्त्वं २०२२मध्ये आली. नेमाने घेतली तर शरीरसंबंधातून लागण होण्याचा धोका सुमारे ९९ टक्क्यांनी कमी होतो. इथवर लिहिलं आणि 'स्टिग्मा'पाशी अडले. कलंक, लांछन, बट्टा, काळिमा: सगळे शब्द त्या माणसालाच चिकटतात. कलंक 'लागतो', लावणारा वाक्यात दिसतच नाही. काही सुचतं का?

---

ताई, सरळ 'नावं ठेवणं' घ्या. 'लोक गोळी घेणाऱ्याला नावं ठेवतात' म्हटलं की कर्ता समोर येतो.

आणि 'गोळ्या चालू आहेत' असं कुठे लिहू नका. गोळ्या चालू असतात त्या आजाऱ्याच्या. त्यात प्रेपमधलं टेनोफोविर एचआयव्हीच्या उपचारातही देतात, म्हणजे नाव वाचून घरच्यांचा समज पक्काच. माझा मित्र तीस गोळ्यांची बाटली आणली की गोळ्या बी-कॉम्प्लेक्सच्या डबीत ओततो, वर कापसाचा बोळा दाबतो. खुळखुळू नये म्हणून. तोच पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून घरी आला, की लेप्टोसाठीची डॉक्सिसायक्लिन त्याची आई स्वतः हातावर ठेवते. ती गोळी पाण्यात भिजल्यानंतरची, ही आधीची. पण दोन्ही आजार टाळण्यासाठीच ना?

---

'नावं ठेवणं' पक्कं. 'गोळ्या चालू' खोडून 'प्रेप घेतो' केलं. आता 'सपोर्ट'. 'आधार' लिहिलं होतं, पण आधार लागतो तो खचलेल्याला, आणि हा तर धडधाकट माणूस. 'पाठबळ' भाषणातलं वाटतं.

---

'सोबत' लिहा. दर तीन महिन्यांनी एचआयव्हीची तपासणी करावी लागते, तेव्हा मी माझ्या त्या मित्राच्या सोबतीला जातो. आत तो एकटाच जातो, मी बाहेर बाकड्यावर बसून राहतो. एवढा मोठा गोतावळा आहे त्याचा, पण माहीत आहे ते आम्हा तिघा मित्रांनाच. रात्री साडेनऊला तिघांपैकी कुणीतरी मेसेज टाकतो, 'जेवलास का?' म्हणजे गोळी घेतलीस का. 'हो' आलं की आम्ही झोपतो.