डोमेन नव्या अकाउंटात नेलं, आता अर्ध्या लोकांचं लॉगिन होत नाही. काय करावं?

गठाण_१७०किलो
हिंगणघाटजवळची जिनिंग, मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या ९ आयडी. डोमेन (ईमेल पत्त्यात @ च्या पुढचं नाव) आधी वेंडरच्या अकाउंटात होतं, ते शनिवारी तिथून काढून आमच्या स्वतःच्या नव्या अकाउंटात जोडलं. मेल सगळ्यांना येऊन राहिले. ४ जणांचं लॉगिन होते. ३ जणांना एएडीएसटीएस ५००३४ हा एरर दाखवते. उरलेल्या २ पीसीवर आउटलुक घडीघडी पासवर्ड मागते, त्यांच्याच फोनवर मात्र चालू. बजेट २,५०० रुपये, नवीन काही विकत घेणं नाही. सोमवारपासून आवक सुरू.

संत्राबाग
गूगल वर्कस्पेस घ्या ना बावा. ९ आयडीचे वर्षाचे पैसे एकदाच भरा अन् मोकळे व्हा.

सावजी_तिखट
बजेट वाचलं का? अन् गूगलमध्येही एक डोमेन एका वेळी एकाच अकाउंटात राहते. दवाखाना बदलून आजार तोच.

वर्धेचा_वायरमन
काही करू नका. डीएनएस (डोमेनच्या नोंदींची इंटरनेटवरची वही) पसरायला ४८ तास लागतात.

सातबारा
४८ तासांचं पालुपद सोडा. टीटीएल (नोंद किती सेकंद साठवून ठेवायची तो आकडा) ३६०० असेल तर जुनी नोंद तासाभरात जाते. मेल येत आहेत म्हणजे एमएक्स (मेल कुठे पोचवायचा ते सांगणारी नोंद) बरोबर आहे, आणि लॉगिन एमएक्स पाहत नाही.

ज्याला अडचण आहे त्याच्या पीसीवर इनकॉग्निटो खिडकीत ऑफिस डॉट कॉमवर लॉगिन करून पाहा. तिथे चाललं तर दोष पीसीत साठलेल्या जुन्या ओळखीचा. तिथेही नाही चाललं तर दोष आयडीत.

५००३४ म्हणजे त्या नावाचा युजरच या डिरेक्टरीत नाही. तरी मेल येतो, कारण पत्ता एलियस (त्याच खात्याचं जोडनाव) म्हणून लावलेला असतो आणि युजरनेम अजून मायक्रोसॉफ्टने दिलेल्या मूळ ऑनमायक्रोसॉफ्ट डॉट कॉमवरच असते. मेलला एलियस चालतो, लॉगिनला चालत नाही. अ‍ॅडमिन सेंटरमध्ये त्या युजरचं ‘मॅनेज युजरनेम अँड ईमेल’ उघडा आणि युजरनेमपुढे स्वतःचं डोमेन निवडा. पत्ता आधीच वापरात आहे म्हणालं, तर पहिले एलियस काढा. पासवर्ड नव्या अकाउंटातलाच लागेल, जुना पासवर्ड डोमेनसोबत येत नाही.

पांढरं_सोनं
एवढा तामझाम कायले? त्या २ पीसीवर विंडोज फॉरमॅट मारा. अर्ध्या दिवसाचं काम, माणूस ५०० रुपयांत येते.

सातबारा
फॉरमॅट अजिबात नको. आउटलुकमधला जुना मेल पीसीवरच्या ओएसटी फाइलमध्ये असतो आणि ती फाइल त्या प्रोफाइलबाहेर उघडत नाही. आधी पीएसटी (दुसरीकडेही उघडणारी मेलची प्रत) काढून पेनड्राइव्हवर घ्या.

मग कमांड प्रॉम्प्टमध्ये डीएसरेगसीएमडी /स्टेटस चालवा, पीसी कसा जोडलेला आहे ते कळेल. ‘वर्कप्लेसजॉइन्ड : यस’ आलं तर पीसीत फक्त खातं जोडलेलं आहे, ते सोपं. सेटिंग्ज, अकाउंट्स, ‘अ‍ॅक्सेस वर्क ऑर स्कूल’ इथे जुनं खातं डिस्कनेक्ट करा, क्रेडेन्शियल मॅनेजरमधल्या ‘मायक्रोसॉफ्टऑफिस१६’ने सुरू होणाऱ्या नोंदी उडवा, कंट्रोल पॅनेलच्या मेलमधून नवी प्रोफाइल बनवा. जुनी प्रोफाइल महिनाभर राहू द्या.

‘अझ्युअरएडीजॉइन्ड : यस’ आलं तर थांबा. तो पीसीच जुन्या अकाउंटाच्या नावावर आहे. लोकल अ‍ॅडमिन युजर बनवून त्याचा पासवर्ड तपासल्याशिवाय डिस्कनेक्ट केलं तर पीसीत शिरताच येणार नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर त्याची ४८ अंकी किल्ली बहुतेक जुन्याच अकाउंटात पडली असेल, म्हणून ती आजच कागदावर छापा.

संत्राबाग
म्हणूनच म्हटलं होतं, गूगल.

गठाण_१७०किलो
५००३४ वाले तिघं लागले! युजरनेम खरंच ऑनमायक्रोसॉफ्टवर होतं. आता नवी कटकट: नवं अकाउंट सगळ्यांना ऑथेंटिकेटर (लॉगिनची खात्री करणारं फोनवरचं अ‍ॅप) मागते अन् मुनीमजींकडे बटनाचा फोन.

पांढरं_सोनं
सिक्युरिटी डिफॉल्ट्स (ऑथेंटिकेटर मागणारी सेटिंग) बंद करून टाका.

सावजी_तिखट
ते बंद केलं की एकट्या मुनीमजींचं नाही, सगळ्यांच्याच मेलचं संरक्षण जाते. उद्या कोणी तुमच्या आयडीवरून पार्टीला बँक खाते नंबर बदलल्याचा मेल टाकला तर गठाणींचे पैसे कोणाकडून मागाल? ऑफिसच्या अँड्रॉइड फोनवर कोणतंही टीओटीपी (घड्याळावरून बदलता कोड देणारं) अ‍ॅप टाका, नोंदणीच्या वेळी ‘दुसरं ऑथेंटिकेटर अ‍ॅप’ निवडून क्यूआर स्कॅन करा. मुनीमजी तिथे पाहून ६ अंक टाकतील. त्या फोनची तारीख-वेळ आपोआपवर ठेवा, घड्याळ मागेपुढे झालं तर कोड लागत नाही. ज्यांनी जुन्या अकाउंटासाठी अ‍ॅप जोडलं होतं त्यांनी ती जुनी नोंद काढून नव्याने जोडायची.

वर्धेचा_वायरमन
माझ्या डीएनएसच्या मुद्द्याला हसले सगळे, पण डीकेआयएमची (पाठवलेल्या मेलवरची डिजिटल सही) सीनेम, म्हणजे दुसऱ्या पत्त्याकडे बोट दाखवणारी डीएनएस नोंद, तपासली का कोणी? सिलेक्टर१ अन् सिलेक्टर२ या दोन नोंदी जिकडे बोट दाखवतात त्या पत्त्यात अकाउंटाचं नाव असते. तिथे जुनंच राहिलं असेल तर सही जुळणार नाही अन् मेल व्यापाऱ्यांच्या स्पॅममध्ये जाऊ शकते. नव्या अकाउंटात डीकेआयएम चालू करून तो देईल त्या दोन ओळी डीएनएसमध्ये टाका.

सातबारा
हा मुद्दा पक्का. माझ्याकडून सुटला होता.

नवा_सभासद_यवतमाळ
इनकॉग्निटोमध्ये पाहिलं का?

गठाण_१७०किलो
पाहिलं जी, दोन्ही पीसीवर चालते. स्टेटसमध्ये एक वर्कप्लेस निघाला अन् दुसरा, काट्यावरचा, अझ्युअरएडीजॉइन्ड. मालकांशी बोललो. दोन्ही पीसीला होळीपर्यंत हातच लावायचा नाही, आउटलुक बंद अन् मेल ब्राउझरमध्येच पाहायचे. नवी प्रोफाइल सातबारांनी सांगितली, पण भर आवकीत काट्याचा पीसी अडकला तर गाड्या रस्त्यापर्यंत लागतात. डीकेआयएम आज रात्री करतो. २,५०० पैकी ४५० गेले, पेनड्राइव्हला.

सातबारा
काट्याच्या पीसीवर लोकल अ‍ॅडमिन अन् किल्लीचा कागद, एवढं तरी आजच करा.

गठाण_१७०किलो
कागद काढला. ड्रॉवरमध्ये ठेवला, कुलूप लावून.

पांढरं_सोनं
अन् ड्रॉवरची चाबी कोणाकडे?