डिस्चार्ज मिळाला पण घरच नाही, मग पेशंटने जायचं कुठे?

वाटसरू: ऑफिसच्या मागच्या जिन्याखाली एक काका झोपतात, साठीचे असतील. शुगर आहे, पायाची जखम चिघळली म्हणून कुणीतरी ॲडमिट केलं, एक बोट काढावं लागलं, आणि आज बघतो तर परत जिन्याखाली. कागदावर लिहिलंय पाय कोरडा ठेवा, रोज ड्रेसिंग, चालणं कमी. कसं जमणार हे? पैसे देऊन काही होईल का?

रात्रपाळी: नर्स आहे मी. औषधं बऱ्याचदा मिळतात हो, पण पडून राहायला जागा मिळत नाही, आणि खरी गाडी तिथे अडते. हार्टच्या पेशंटला सूज उतरायला लघवीची गोळी देतात, ती घेतली की सारखं जावं लागतं, संडास जवळ नाही म्हणून माणूस गोळीच बंद करतो आणि आपण फाइलवर लिहितो "पेशंट औषध घेत नाही". बूट चोरीला जातील म्हणून रात्री ओल्या मोज्यांसकट झोपतात, त्यात शुगरमुळे पायाची संवेदना गेलेली, गँगरीन होईपर्यंत दुखतच नाही. काकांना ताप आला, वास यायला लागला, पाय काळा-लाल दिसला तर त्याच दिवशी न्या, फॉलोअपच्या तारखेची वाट बघू नका.

स्पष्टच_बोलतो: राग मानू नका, पण यातले बरेच जण वॉर्डातून स्वतःच पळून जातात. मग काय करायचं?

रात्रपाळी: जातात, खरंय. दारूची सवय असेल आणि ॲडमिट झाल्यावर एकदम बंद झाली तर हातपाय थरथरतात, फिट येऊ शकते, त्यावर वेळेत औषध दिलं नाही तर कोण थांबेल? शिवाय बाहेर ठेवलेलं गाठोडं म्हणजे त्यांचा सगळा संसार.

जुना_मेंबर: बोस्टनला १९८५ पासून बेघरांसाठी वेगळा आरोग्य कार्यक्रम आहे, त्यातले डॉ. जिम ओकॉनेल सुरुवातीला आले तेव्हा तिथल्या नर्सनी त्यांना स्टेथोस्कोप बाजूला ठेवून आधी लोकांचे पाय धुवायला बसवलं. विश्वास बसला की मग लोक तपासू देतात. त्यांच्याकडे हॉस्पिटल आणि रस्ता यांच्या मधली सोयही आहे, दाखल करण्याइतका आजारी नाही पण फुटपाथवर बरा होणार नाही अशांसाठी खाटा. लंडनमध्ये टीबी शोधायला एक्स-रेची व्हॅनच फिरते. टीबीचा साधा कोर्ससुद्धा सहा महिन्यांचा, पत्ताच नसलेल्या माणसाकडून तो पुरा करून घ्यायचा तर आपणच त्याच्यापर्यंत जायला हवं ना.

वाटसरू: ड्रेसिंगला नेणं मला जमेल. काकांकडे फोन नाहीये, केसपेपरवर माझा नंबर लिहिला तर चालेल का?

रात्रपाळी: चालेल, पण आधी त्यांना विचारा. आणि पुढच्या वेळी डिस्चार्जच्या आधीच तिथल्या सोशल वर्करला गाठा, एकदा बाहेर काढलं की परत बेड मिळवणं फार अवघड जातं.